एका सोंडेवरून दोन नद्या

गेल्या डिसेंबरात आमच्या भूगोल विभागाची अभ्याससहल महाबळेश्वरला गेली. सहल म्हटले की घोडा, स्ट्रॉबेरी आणि फोटो एवढेच डोळ्यांपुढे येते, आणि ते सारे झालेच. पण या लेखात मला त्याविषयी लिहावयाचे नाही. ऑर्थरसीटच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या पायवाटेवर जलविभाजक म्हणजे काय हे मला प्रथमच कळले, ते सांगावयाचे आहे. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात मी जलविभाजक पट्टीने सरळ रेघ ओढून दाखवला होता. सरांनी त्यावर लाल शाईने फक्त प्रश्नचिन्ह काढले होते.

क्षेत्र महाबळेश्वरहून रस्ता जंगलातून जातो. हे जंगल उंच नाही. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही झाडे इथल्या वाऱ्यापावसाने खुजी आणि वाकडी झालेली. त्यांच्या खोडांवर शेवाळाचे जाड थर. मधूनमधून कारवी. गाडीतळापासून पुढे पायऱ्या आणि पायवाट लागते. पायाखाली तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड आणि कड्याच्या कापात त्याच्या खाली काळा बेसाल्ट. सरांनी आम्हांला इथे दहा मिनिटे उभे केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे दख्खनचे पठार झाले. वरच्या थराची पावसाने झीज होऊन जांभा बनला. जांभा स्पंजासारखा पाणी पितो, खालचा घट्ट खडक ते सहजी आत घेत नाही. म्हणून दोहोंच्या सांध्यावर झरे फुटतात. पंचगंगेच्या देवळातल्या गोमुखातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्या एकत्र येतात अशी श्रद्धा आहे. पठाराच्या चहूबाजूंना झरे फुटत असताना ती कल्पना लोकांना सुचली यात नवल नाही.

वाट संपते तिथे पठाराची सोंड अगदी निमुळती होते. जुने नाव मढीमहाल. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्यावरून आजचे नाव पडले. त्याची पत्नी आणि तान्हे मूल सावित्रीच्या पाण्यात बुडाले आणि तो इथे बसून त्या नदीकडे पाहत असे, असे सांगतात. ही गोष्ट ऐकताना बाकीचे हळहळले; मी मात्र डावीकडे पाहत होते. मी महाडची. खालच्या त्या दरीतली सावित्री पुढे आमच्या गावाला येते.

डावीकडे सावित्रीची दरी सरळ तुटलेली, तळ दिसता दिसेना. उजवीकडे जोरची दरी, कृष्णेची. ती त्या मानाने उथळ आणि पसरट. सरांनी स्थलनिर्देशक नकाशा उघडून खडकावर पसरला. डावीकडे समोच्च रेषा इतक्या दाटलेल्या की नुसता तपकिरी पट्टा. उजवीकडे त्या मोकळ्या. "आता हिशेब करा," सर म्हणाले. दोन्ही नद्या जवळजवळ त्याच उंचीवरून, सुमारे तेराशे मीटरवरून निघतात. सावित्री शंभरएक किलोमीटर वाहून बाणकोटला अरबी समुद्रास मिळते, तर कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरांनंतर आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे कृष्णेला किलोमीटरमागे सरासरी मीटरभरही उतार नाही आणि सावित्रीला तेरा मीटर. तोही बहुतेक सारा पहिल्याच काही किलोमीटरांत. उतार जास्त, पाऊसही जास्त, म्हणून सावित्री आपल्या उगमाकडचा कडा मागे मागे खात पूर्वेला सरकते. जलविभाजकही तिच्याबरोबर सरकतो. पुरेशा काळाने ती कृष्णेचे एखादे शीर्षप्रवाह आपल्याकडे ओढून घेईल. याला आपल्या पुस्तकात नदीचौर्य म्हटले आहे. पुस्तकात तो शब्द मी पाठ केला होता, तोवर त्यात चोर कोण हे लक्षात आले नव्हते.

"म्हणजे तुमची नदी चोर!" माझी वाईची मैत्रीण म्हणाली.

"आणि तुमची आळशी," मी म्हटले.

पण तिची आळशी नदी तिच्या वडिलांचा ऊस भिजवते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि थोड्याच अंतरावरच्या, डोंगराआडच्या वाईला जेमतेम सात-आठशे. तिथला संसार कृष्णेच्या बलकवडी आणि धोम या धरणांवर चालतो. आमच्याकडे पाण्याची वाण नाही. ते किती वेगाने येईल याचीच धास्ती. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कड्यावरच वहीत गुणाकार केला: एका चौरस किलोमीटरवर ५९ कोटी लिटर. त्यातले डावीकडे उतरलेले पाणी काही तासांत खाली. त्यात दासगावकडे खाडीला भरती असली की पुराला उतरायला जागाच नसते. त्याच पावसात, २२ जुलैला, आमच्या तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. त्या रात्री आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर होतो. पाणी कुठून येते आहे हे तेव्हा मला कुणी विचारले असते तर मी "गांधारीच्या पुलाकडून" असे सांगितले असते, आणि ते खोटेही नव्हते.

वारा दरीतून वर इतका जोराने येतो की हलकी वस्तू खाली टाकली तरी परत येते. आमच्यातल्या काहींनी त्यासाठी प्लॅस्टिकची झाकणे टाकली. ती सगळीच परत आली नाहीत. १७ जानेवारी २००१ पासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित आहे, हे त्यांना सरांनी बसमध्ये सांगितले. जरा उशीर झाला होता. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे. दुपारी दरीत धूसरपणा येतो आणि गर्दीत नकाशा उघडायलाही जागा मिळत नाही.

सहलीच्या अहवालासाठी प्रत्येकाने घराजवळच्या पाण्याची एक नोंद आणावी असे सरांनी सांगितले होते. मैत्रिणीने उसाला मिळालेल्या कालव्याच्या पाळ्या लिहून आणल्या. संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी भिंतीवरची २०२१ ची खूण टेपने मोजली. आईने दोनदा चुना दिला तरी ती दिसतेच. सहा फूट दोन इंच भरली. जर्नलमध्ये तेवढेच लिहिले आणि शेजारी जलविभाजक पुन्हा काढला, या वेळी पट्टी न लावता.