लेटरहेड कोणाचं, ते आधी बघा

आमच्या भागातल्या कुणाला मोठ्या टेलिकॉम कंपनीत इंटर्नशिप मिळाली असं कळलं, की मी अभिनंदन करते आणि लगेच विचारते, पत्र कोणाच्या लेटरहेडवर आलंय? बहुतेकांनी ते नीट पाहिलेलं नसतं. कोपऱ्यात कंपनीचा लोगो असतो, तेवढा नजरेत भरतो. खाली सही आणि शिक्का मात्र एखाद्या एजन्सीचा असतो. माझं पत्र तर रुजू झाल्यावर हातात पडलं. नाव देशभर गाजणाऱ्या कंपनीचं आणि प्रत्यक्षात आम्ही तिच्या वितरकाकडे, हे आम्हा मुलांना तेव्हा कळलं. पुढचं जे काही झालं ते त्या एका सहीतून झालं.

मी मुरूडजवळच्या आगरदांड्याची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मी शाळेत होते. वीज गेली, रस्त्यांवर झाडं आडवी झाली आणि त्याबरोबर मोबाइलची रेंजही गेली. खाडीपलीकडे दिघी डोळ्यांना दिसत होती, पण तिथे राहणारी आत्या कशी आहे हे कळायला मार्ग नव्हता. टॉवर तर उभा होता. मग रेंज का येत नाही? हा प्रश्न मी तेव्हा सगळ्यांना विचारला आणि कुणालाही त्याचं उत्तर देता आलं नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन ही शाखा घेतली ती त्यामुळेच. घरच्यांचा कल कॉम्प्युटरकडे होता.

इंटर्नशिपसाठी पनवेलला मावशीकडे राहिले. पहिल्या दिवशी ट्रेनिंग म्हणून रिचार्जच्या योजना पाठ करायला दिल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीचा टी-शर्ट आला आणि स्टेशनबाहेर कॅनॉपीखाली उभं केलं. रोजचं टार्गेट ठरलेलं: इतकी नवी सिम, इतकी पोर्टिंग. संध्याकाळी टीम लीडर आकडे विचारायचा. ज्याचे आकडे कमी त्याचं नाव ग्रुपवर टाकायचा. स्टायपेंड टार्गेटला बांधलेला आहे, हेही तिथेच समजलं. सिम विकण्याच्या कामाला मी हलकं समजत नाही. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा त्या कामावर घर चालवत होता आणि ग्राहकाशी कसं बोलावं हे मी त्याच्याकडूनच शिकले. पण दूरसंचार शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेज ज्या कामासाठी पाठवतं आणि ज्याचे गुण गुणपत्रिकेत लागतात, ते काम हे नव्हे.

इथवर फक्त वेळ वाया गेला असं म्हणता आलं असतं. धोका त्याच्या पुढे होता. सिम चालू करायला विक्रेत्याचा पीओएस (पॉइंट ऑफ सेल) कोड लागतो. 1 डिसेंबर 2023 पासून सिम विकणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याची नोंदणी आणि पडताळणी बंधनकारक झाली आहे. नोंदणी नसलेल्याकडून सिम विकली गेली तर कंपनीला 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आम्हा इंटर्नपैकी कुणाचीही नोंदणी नव्हती. आम्ही दुसऱ्याच कुणाच्या लॉगिनने काम करत होतो. त्यात एक दिवस सूचना आली, की ग्राहकाचा फोटो आणि ओटीपी एकदा झाल्यावर ‘सर्व्हर गेला, परत करू या’ म्हणायचं आणि दुसऱ्यांदा घ्यायचं. टार्गेट लवकर पूर्ण होतं, असं कारण दिलं गेलं.

दुसऱ्यांदा घेतलेल्या त्या फोटोवर त्याच माणसाच्या नावाने आणखी एक सिम चालू होतं. ते त्याच्या हातात कधीच जात नाही. अशी सिम पुढे सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे पोचतात आणि पोलीस दार वाजवतात ते त्या माणसाचं. फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावावर सिम मिळवणं हा 2023 च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या कॅनॉपीसमोर रांगेत उभे राहणारे कोण होते? नाक्यावर कामाच्या शोधात आलेले मजूर, गावाकडून आलेल्या बायका. माझे आजोबा असते तर तेही तसेच विश्वासाने दोनदा कॅमेऱ्यात बघत राहिले असते.

मी नाही म्हटलं. ‘तुझं सर्टिफिकेट आमच्याकडे आहे’ हे उत्तर मिळालं. त्याच रात्री मी कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडमना सगळं ईमेलने कळवलं, फोनवर नाही. मुद्दे मोजकेच लिहिले: पत्रात कोणतं काम आहे, प्रत्यक्षात कोणतं दिलं जातंय, आणि फोटो दोनदा घ्यायला सांगितलं जातंय. मॅडमनी तो ईमेल प्राचार्यांकडे आणि कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवला. लेखी तक्रार गेल्यामुळे कंपनीला उत्तर देणं भाग पडलं. त्या आठवड्यातच आम्हा काही जणांची बदली फायबरच्या देखभालीच्या तुकडीकडे झाली. माझ्यासाठी इंटर्नशिप तिथे सुरू झाली.

अलिबाग ते मुरूड रस्त्यालगतची केबल सांभाळणाऱ्या त्या तुकडीत तुटलेले तंतू जोडणारे एक ज्येष्ठ स्प्लायसर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शिक्षण आयटीआयचं, पण फायबर हाताळताना त्यांच्या बोटांना घाई माहीत नव्हती. केबल तुटली की ते आधी ओटीडीआर लावायचे. हे यंत्र तंतूत प्रकाशाचा झोत सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तुटलेली जागा किती अंतरावर आहे ते सांगतं. पण त्या आकड्यावर विसंबून रस्ता मोजत गेलं तर माणूस चुकीच्या जागी खणतो, कारण प्रत्येक जॉइंटला केबलचे वेटोळे राखून ठेवलेले असतात. काकांच्या वहीत त्या वेटोळ्यांची नोंद होती. यंत्राच्या आकड्यातून ते मनातल्या मनात तेवढी लांबी वजा करायचे आणि गाडी नेमकी जेसीबीने खणलेल्या खड्ड्याजवळ थांबायची.

जोडणी करताना संरक्षक स्लीव्ह तंतूवर सगळ्यात आधी ओवायची. ती राहिली तर झालेला जोड पुन्हा तोडावा लागतो. मग वरचं आवरण काढायचं, तंतू अल्कोहोलने पुसायचा, क्लीव्हरने काटकोनात कापायचा आणि जोडणीच्या यंत्रात ठेवायचा. चांगल्या जोडात 0.1 डेसिबलपेक्षाही कमी प्रकाश वाया जातो. कापलेले काचेचे तुकडे काका मोजून डबीत टाकायचे, कारण ते कातडीत शिरले तर दिसतही नाहीत. खारा दमट वारा असला की गाडीच्या आडोशाला ताडपत्री लावून काम चालायचं. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी हा बारा रंगांचा क्रम मी पुस्तकात पाठ केला होता. भर दुपारी तो चुकला तर एका गावाची रेंज दुसऱ्या गावाच्या जोडात अडकते, हे त्यांनी दाखवून दिलं.

निसर्ग वादळात पडलेल्या त्या प्रश्नाचं उत्तरही मला काकांनीच दिलं. शहरात केबल बहुधा वर्तुळात फिरवलेली असते. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. आमच्या किनाऱ्याला रस्ता एक, म्हणून केबलही बहुतेक ठिकाणी एकच. झाड कुठेही पडलं तरी पुढची सगळी गावं गप्प होतात. टॉवरची यंत्रणा उणे 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालते. वीज गेल्यावर त्या काही तास टिकतात, नंतर डिझेल लागतं, आणि रस्ता बंद असेल तर डिझेल येत नाही. टॉवर उभा असूनही मुका का होता, ते मला तिथे समजलं. माझ्या अहवालाचा मुख्य भाग हाच झाला आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रश्न विचारले ते याच भागावर.

आता जाणाऱ्या मुलामुलींसाठी काही सांगायचं आहे. पत्र रुजू होण्याआधी मागा. त्यात काम देणाऱ्या संस्थेचं नाव, कामाचं स्वरूप, मार्गदर्शकाचं नाव, ठिकाण, तास आणि स्टायपेंड हवा. ‘गरजेनुसार इतर काम’ असं वाक्य असेल तर ते इतर काम म्हणजे काय, हे ईमेलने विचारा. डिपॉझिट म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा. बीएसएनएलसारख्या सरकारी कंपनीची प्रशिक्षण केंद्रं विद्यार्थ्यांकडून फी घेतात, पण ती जाहीर केलेली असते आणि पावती मिळते. ती वेगळी गोष्ट आहे. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका.

दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नका, स्वतःचं लॉगिन दुसऱ्याला देऊ नका. ग्राहकाच्या आधारचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये कधीही ठेवू नका. काम संपल्यावर संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते तपासा आणि अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच कळवा. घरातल्या मोठ्यांचेही तपासून द्या. रोजची नोंदवही त्याच दिवशी लिहा, आठवड्याला मार्गदर्शकाची सही घ्या. माझ्या तक्रारीला वजन आलं ते या नोंदींमुळे. टॉवरवर चढायला सांगितलं तर स्पष्ट नकार द्या. उंचीवरचं काम प्रशिक्षित माणसाने, पूर्ण हार्नेस बांधूनच करायचं असतं. मुलींनी संध्याकाळच्या विक्री मोहिमेबद्दल, परतीच्या गाडीबद्दल आधीच विचारावं. विचारायला संकोचू नये.

इंटर्नशिप आणि अ‍ॅप्रेंटिसशिप यांत गल्लत होते, तीही टाळा. अ‍ॅप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते, करार नोंदवला जातो आणि किमान विद्यावेतन मिळतं. 2019 मध्ये ते पदवीधरांसाठी 9,000 आणि पदविकाधारकांसाठी 8,000 रुपये ठरलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिन्याला 5,000 रुपये होते, पण ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. शिक्षण संपल्यावर या दोन्ही वाटा जरूर बघा. शिकत असताना मात्र कॉलेजने करार केलेली जागा घ्या आणि तो करार डोळ्यांनी वाचा.

आणि पालकांना विनंती. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या घरांतून मुलं पनवेल-मुंबईला जातात ती कंपनीचं नाव ऐकून. ते नाव पत्रावर सहीच्या वर छापलेलं आहे का, हे तुम्ही स्वतः बघा. पत्र हातात येईपर्यंत मुलाला किंवा मुलीला एसटीत बसवू नका.