शब्दांवाचून गोष्ट

(लंडनमध्ये राहणारे लेखक नाताळच्या सुटीत आपल्या भाचा-भाचीला बॅले पाहायला घेऊन गेले. त्या दिवसाची हकिकत त्यांनी या पाठात सांगितली आहे.)

२०२३ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. लंडनमधील शाळांना नाताळची सुटी लागली होती. माझी बहीण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रत्नागिरीहून आपल्या दोन मुलांसह येथे राहायला आली होती. भाची सात वर्षांची. ती महिन्याभरातच शेजारच्या मुलांशी इंग्रजीतून भांडू लागली. बारा वर्षांचा भाचा मात्र गप्प झाला. रत्नागिरीच्या उर्दू शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे मिळवणारा हा मुलगा! आपण चुकीचे बोललो तर मुले हसतील, या भीतीने तो येथे वर्गात तोंडच उघडेना. पुढे घरीही त्याचे बोलणे कमी झाले.

"भाईजान, सुटीत याला कुठे तरी घेऊन जा," बहीण काळजीने म्हणाली.

मी 'नटक्रॅकर' या बॅलेची तिकिटे काढली.

"बॅले म्हणजे काय, मामू?" भाच्याने विचारले.

"नाचातून सांगितलेली गोष्ट."

"आणि त्यात कोणत्या भाषेत बोलतात?"

"कोणत्याच नाही. बॅलेमध्ये कोणी बोलत नाही."

तो लगेच तयार झाला.

भुयारी रेल्वेच्या कोव्हेंट गार्डन स्टेशनपासून रॉयल ऑपेरा हाउस अगदी जवळ आहे. नाट्यगृहाचा आकार घोड्याच्या नालासारखा. लाल मखमली पडदा, सोनेरी नक्षी आणि सुमारे २,२०० प्रेक्षकांची सोय. आमच्या जागा सर्वांत वरच्या मजल्यावर होत्या, कारण त्या स्वस्त असतात. आपल्याकडे नाटकाची तिसरी घंटा होते, तशी तेथेही घंटा वाजली. दिवे मंद झाले. रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत बसलेल्या वादकांनी वाद्ये वाजवण्यास सुरुवात केली.

हे संगीत चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराचे आहे. हा बॅले प्रथम १८९२ च्या डिसेंबरमध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात झाला. त्यात नृत्यशाळेतील पुष्कळ मुलांनी कामे केली होती. मुलांना एवढे महत्त्व कशाला, अशी टीका तेव्हा काही जाणकारांनी केली! आज मात्र नाताळच्या दिवसांत जगातील अनेक शहरांत मुले हाच बॅले पाहायला जातात. लंडनमध्येही रॉयल बॅले स्कूलचे विद्यार्थी त्यात नाचतात.

नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडण्याचा अडकित्ता. "नानीच्या पानदानात आहे तसा?" भाचीने मोठ्याने विचारले. पुढच्या रांगेतील बाईंनी मागे वळून पाहिले. मी तोंडावर बोट ठेवले.

गोष्ट साधी आहे. क्लारा नावाच्या मुलीला नाताळच्या मेजवानीत लाकडी शिपायाच्या आकाराचा अडकित्ता भेट मिळतो. मध्यरात्री घड्याळाचे ठोके पडतात. खोलीतले झाड वाढू लागते, वाढतच जाते! उंदरांची फौज येते. खेळण्यातले शिपाई तिच्याशी लढतात. क्लारा सपाता काढून उंदरांच्या राजाला मारते आणि अडकित्त्याचा एक तरुण होतो. मग बर्फ पडू लागतो. नर्तकी हिमकण होऊन गिरक्या घेतात. या वेळी मुलांच्या गाण्याचे सूर ऐकू येतात, पण त्या गाण्यात एकही शब्द नाही.

"यांच्या बुटात लाकूड असते का?" मध्यंतरात आइस्क्रीम खाताना भाचीचा प्रश्न. पायाच्या बोटांच्या टोकावर नाचणाऱ्या नर्तकी पाहून पुष्कळांना तसे वाटते. त्या बुटांचे टोक कापडाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असते. पण खरी ताकद बुटात नसते, कित्येक वर्षांच्या सरावाने तयार झालेल्या पायात असते.

दुसऱ्या अंकात क्लारा आणि तो तरुण मिठाईच्या राज्यात जातात. तेथील परीला तो तरुण घडलेली हकिकत सांगतो, अर्थात हातांनी! कथकमध्ये जसे हातांनी आणि डोळ्यांनी भाव सांगतात, तसेच बॅलेमध्येही मूकाभिनयाचे ठरलेले संकेत आहेत. चेहऱ्याभोवती हात फिरवला की 'सुंदर', दोन्ही हात हृदयावर ठेवले की 'प्रेम', डोक्यावर हाताभोवती हात फिरवले की 'नाच'. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते, तरी तरुणाचे हात इतके भरभर चालले, की मी मध्येच अडखळलो.

"तो काय म्हणतो?" भाचीने माझ्या कानात विचारले. मी उत्तर शोधत होतो, तोच पलीकडून भाचा कुजबुजला, "उंदीर आले, तलवारी चालल्या, तो हरत होता. मग हिने सपाता मारली आणि तो वाचला."

त्याच्या पलीकडे एक इंग्रज मुलगी आजीबरोबर बसली होती. तिलाही काही उमगले नव्हते. तिने भाच्याकडे पाहिले. भाच्याने ओठांवर मिशा काढल्या, तलवार फिरवली आणि पायाकडे बोट दाखवून काहीतरी मारल्यासारखे केले. मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. तोही हसला.

शेवटी परी एकटी नाचली. त्या वेळी पाण्याचे थेंब पडावेत तसे सूर येतात. ते चेलेस्टा या वाद्याचे आहेत. चायकोव्हस्कीने १८९१ साली पॅरिसमध्ये हे नवे वाद्य ऐकले आणि ते मुद्दाम रशियात मागवून घेतले.

खेळ संपला. टाळ्या थांबेनात. निघताना त्या मुलीने भाच्याला काहीतरी विचारले. त्याने नुसती मान हलवली. मग दोन पावले पुढे जाऊन तो मागे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "मी रत्नागिरीचा."

स्टेशनवर लिफ्टपाशी मोठी रांग होती, म्हणून आम्ही जिन्याने उतरलो. तेथे १९३ पायऱ्या आहेत. भाचा त्या मोठ्याने मोजत होता. भाची प्रत्येक पायरीवर चवड्यांवर उभी राहत होती. त्यामुळे आमच्या दोन गाड्या चुकल्या.

शब्दार्थ : हकिकत – घडलेली गोष्ट, सपाता – घरात घालण्याच्या चपला, खळ – चिकटवण्यासाठी केलेली पेज, मूकाभिनय – न बोलता हावभावांनी केलेला अभिनय, चवडा – पावलाचा पुढचा भाग.

स्वाध्याय
१. भाचा वर्गात का बोलत नसे?
२. बॅले पाहायला भाचा लगेच का तयार झाला असेल?
३. 'मान हलवणे', 'तोंड न उघडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या आवडीची एखादी गोष्ट न बोलता, केवळ हातांनी वर्गात सांगा.