तीन सुती नट आणि दहाचा पाना

दक्षिण जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधून फ्रायबुर्गकडे उतरणारा बी ३१ हा रस्ता हेलेंटाल नावाच्या अरुंद दरीतून जातो. दोन्ही बाजूंना उभे कडे, वळणावर वळणं, मागे ट्रकांची रांग. त्या उतारावर मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या पायाखालचं ब्रेकचं पेडल अर्ध्याहून जास्त खाली गेलं आणि परत वर आलंच नाही. आम्ही पाच टनांच्या घरात बसलो होतो. शेजारी नवरा, मागच्या सोफ्यावर नऊ वर्षांची मुलगी चित्रं काढत बसलेली.

गिअरचा दांडा खालच्या गिअरवर ओढला. इंजिन ओरडलं, पण वेग मोडला. पुढच्या दोन चाकांचे ब्रेक शाबूत होते. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ब्रेक ऑइल जाण्याचे मार्ग वेगळे आहेत, म्हणून आज मी हे लिहू शकते. रस्त्याकडेला थांबायची जागा दिसली तिथं गाडी घेतली, चाकांना दगड लावले आणि खाली वाकून बघितलं. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ऑइलचा ओघळ होता, अजून टपकत होता.

गाडी १९७६ सालची जीएमसी मोटरहोम. १९७३ ते १९७८ एवढीच सहा वर्षं ती बनली. तेरा हजारांच्या जरा खालीच एकूण संख्या. पुढच्या चाकांना ताकद देणारं साडेसात लिटरचं ओल्ड्समोबिलचं इंजिन, मागे एकामागोमाग चार चाकं आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नसल्यामुळे जमीन इतकी खाली, की एका पायरीत माणूस घरात. वरचं अंग ॲल्युमिनियमचं, काचा मोठ्या. तिला बघून जीव जडतो, हे मी नाकारणार नाही. माझाही जडला, आणि इथंच माझी पहिली चूक झाली.

आम्ही ती श्टुटगार्टजवळ एका गृहस्थाकडून घेतली. त्यानं आठ-नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणवली होती आणि 'सगळं युरोपसाठी करून घेतलंय' असं सांगून बिलांची जाडजूड फाइल हातात ठेवली होती. नवे ब्रेक पाइप, नवी वीजजोडणी, नवा गॅस. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. तरी फाइल वाचली आणि गाडीखाली झोपले नाही. उलट सोफ्याचं कापड बदललं, पडदे शिवले, लाकडावर पॉलिश मारलं. चार महिने आम्ही वरून सजवत होतो.

हेलेंटालच्या त्या संध्याकाळी गाडी उचलून नेल्यावर मी ऑइल गळणाऱ्या ब्रेक पाइपच्या नटाचा फोटो कोल्हापूरला आबांना पाठवला. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं. त्यांच्या हाताखाली जुन्या जीपा, ट्रॅक्टर, ऑइल इंजिनं गेली आहेत. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण फोन यायला पाच मिनिटं लागली.

"पोरी, तीन सुतीला दहाचा पाना कुणी लावला?"

ज्यांनी वर्कशॉपमध्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते: इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि वर केसभर. त्यावर दहा मिलिमीटरचा पाना बसतो, पण सैल बसतो. जोर लावला की नटाच्या सहा कोपऱ्यांवरून घसरतो आणि एकेक कोपरा गोल करत जातो. त्या नटाचे सहाच्या सहा कोपरे गोल झाले होते. म्हणजे ज्या कुणी तो बसवला त्याला तो पुरता आवळताच आला नव्हता.

पण खरा दोष नट काढल्यावर दिसला. ब्रेकच्या पोलादी नळीचं तोंड पसरून ते समोरच्या भागावर दाबून बसवतात, तेव्हा जोड घट्ट होतो. अमेरिकन गाडीत हे तोंड दुहेरी दुमडलेलं आणि ४५ अंशांत उघडलेलं असतं, छोट्या फनेलसारखं. युरोपातल्या बहुतेक गाड्यांत ते बटणासारखं फुगीर असतं. माझ्या गाडीच्या नळीला युरोपीय फुगीर तोंड होतं आणि ती अमेरिकन बैठकीवर दाबली होती. असा जोड सुरुवातीला धरतो. तपासणीच्या दिवशीही धरतो. मग उष्णतेनं, हादऱ्यांनी एक दिवस सुटतो. नळी नवी होती, ऑइल नवं होतं, बिल खरं होतं. चुकला होता तो नळी आणि बैठक यांच्या मधला जोड.

त्या दिवसानंतर मी गाडीकडे बघण्याची रीतच बदलली. अमेरिकेत बनलेला भाग सहसा बरा निघतो, कारण तो बनवणाऱ्यानं विचार केलेला असतो. युरोपात घातलेला भागही सहसा बरा निघतो. धोका असतो तो जिथं ही दोन जगं एकमेकांना भिडतात तिथं. इंच मिलिमीटरला भिडतो तिथं, १२० व्होल्ट २३० ला भिडतात तिथं, १९७६ चं रबर आजच्या पेट्रोलला भिडतं तिथं. तो जोड बहुधा कुणीतरी घाईत, हाताशी असलेल्या मालातून केलेला असतो, आणि फाइलमध्ये त्याची एक ओळही नसते. तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर आधी हे जोड शोधा. पडदे नंतर.

विजेबद्दल जरा विस्तारानं लिहिते, कारण ब्रेक सुटला तर निदान पायाला कळतं. विजेचं काहीच कळत नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. युरोपात आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आमच्या गाडीत सोफ्याखाली एक जड ट्रान्सफॉर्मर बसवला होता. बाहेर २३० लावा, आत ११५ मिळवा. फ्रिज चालत होता, दिवे लागत होते, आम्ही खूश होतो.

ब्रेकचं काम झाल्यावर पहिल्या सुट्टीत बोडेन सरोवराच्या काठी मुक्काम केला. स्वयंपाकाच्या ओट्यावरचं सॉकेट हलत होतं, ते बदलायला घेतलं. ब्रेकर खाली पाडला. आबांची शिस्त अशी, की वीज बंद आहे हे ब्रेकरकडे बघून ठरवायचं नाही, मीटर लावून ठरवायचं. फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर लावला: शून्य. सवयीनं एक टोक उचलून अर्थिंगला लावलं. न्यूट्रल ते अर्थ, २३०.

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मुलीला गाडीबाहेर गवतावर जाऊन बसायला सांगितलं.

झालं होतं असं. तो ऑटो ट्रान्सफॉर्मर होता. म्हणजे आत दोन वेगळी वेटोळी नाहीत, एकाच वेटोळ्याच्या मधून तार काढलेली. बाहेरून येणाऱ्या दोन तारांपैकी एक थेट आतला न्यूट्रल बनते. खांबावरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले, आणि कॅम्पिंगच्या जागांवर असं आढळतं, की तुमचा न्यूट्रलच २३० व्होल्टवर जातो. अमेरिकन ब्रेकर फक्त फेज तोडतो. न्यूट्रलला तो हातच लावत नाही. ब्रेकर खाली, मन निश्चिंत आणि तार जिवंत.

मी ती सगळी व्यवस्था उपटून काढली. आता युरोपीय तार, दोन्ही तारा एकदम तोडणारे ब्रेकर, वीज गळली की ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सगळी २३० ची उपकरणं. शेवटची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली आणि त्याच्या सहीचा कागद घेतला. छतावरचा जुना एसी काढताना वाईट वाटलं, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर ५० वर हळू फिरते आणि तापते. जुन्या हीटरचं तर नावच नको: १२० चा हीटर चुकून २३० ला लागला तर जवळपास पावणेचार पट ताकद ओढतो. आणि गाडीतला मूळ जनरेटर १२० व्होल्टच देतो हे विसरू नका. मी त्याच्या तारा नव्या ब्रेकर पेटीपासून पूर्ण तोडल्या आहेत, नुसत्या स्विचवर विसंबलेले नाही.

गॅसचंही तेच. अमेरिकन शेगडी पाण्याच्या ११ इंच उंचीइतक्या दाबावर चालते, म्हणजे साधारण २७ मिलिबार. जर्मनीतल्या नव्या गाड्यांत ३० मिलिबार असतो, त्यामुळे फार फरक नाही. पण जुन्या जर्मन गाड्यांसाठी ५० मिलिबारचा रेग्युलेटर अजून मिळतो, आणि माझ्या शेगडीला तोच लावलेला सापडला. ज्योत बर्नरवरून उचलली जात होती, टोकं पिवळी. चार महिने मी त्यावर चहा केला. जर्मनीत २०२५ च्या जूनपासून मोटरहोमच्या गॅसची दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. सक्ती नसती तरी मी केली असती. तपासनिसाला आधीच सांगा, की शेगडी अमेरिकन आहे आणि तिला कोणता दाब लागतो. तिच्यावरच्या पत्र्यावर ते कोरलेलं असतं.

पेट्रोलच्या नळ्यांवरून बोट फिरवून बघा. माझं बोट काळं झालं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि त्या काळातल्या रबराला ते सोसत नाही. नळी आतून मऊ पडते, बाहेरून धड दिसते. जीएमसीत इंजिन दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, जमिनीतल्या झाकणाखाली आहे. तिथं पेट्रोल झिरपलं तर वाफ थेट घरात येते आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्या नळ्या एका दिवसात बदला, एकही 'ही बरी दिसतेय' म्हणून ठेवू नका. नव्या नळीवर आर९ चा छाप बघून घ्या. आग विझवायचं नळकांडं ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं ठेवा, मागच्या कपाटात नाही.

टायरबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवाची आहे. या गाडीची मूळ रिम साडेसोळा इंची. त्या मापाचे टायर युरोपात मिळणं कठीण. तेव्हा कुणी म्हणेल, सोळाचा टायर हवेच्या दाबानं बसवून देतो. बसवू देऊ नका. साडेसोळाच्या रिमची कड वेगळ्या उताराची असते. हवा भरताना टायरची कड तुटून स्फोट होतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत. सहाही चाकांना सोळा इंची रिम घ्या, भारक्षमता बघून, आणि तो बदल कागदपत्रांत नोंदवून घ्या. टायरचं वय बाजूवरच्या चार आकड्यांत असतं: २३०९ म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

कागदांचं थोडक्यात. गाडी तीस वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर जर्मनीत नंबरप्लेटवर एच अक्षर मिळतं, वर्षाचा कर १९१ युरोंच्या आसपास ठरावीक राहतो आणि शहरांतल्या प्रदूषण नियंत्रित भागांत प्रवेश मिळतो. मागचे लाल इंडिकेटर पिवळे करावे लागतात. साडेतीन टनांवरच्या गाडीला नेहमीचं बी लायसन्स चालत नाही, सी१ लागतं, त्यासाठी डॉक्टरांची आणि डोळ्यांची तपासणी. ऑस्ट्रियात काचेवरचं टोलचं स्टिकर पुरत नाही, वेगळी पेटी बसवावी लागते. आणि सामान, पाणी, माणसं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवाच. आमची आम्ही समजत होतो त्याहून ३८० किलो जास्त भरली.

आता आमच्याकडे पान्यांच्या दोन पेट्या आहेत, लाल इंचाची, निळी मिलिमीटरची, आणि त्या कधी एका जागी उघडायच्या नाहीत. तपासलेल्या प्रत्येक जोडावर मी पिवळ्या रंगाची रेघ मारते, अर्धी नटावर, अर्धी बैठकीवर. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. दर मुक्कामाला मुलगी टॉर्च घेऊन खाली सरकते आणि रेघा मोजून सांगते. एकेचाळीस आहेत.

या आठवड्यात कुणी अशी गाडी बघायला जाणार असेल, तर एक जुनी चादर, टॉर्च, मीटर आणि तीन सुती पाना बरोबर न्या. आत शिरू नका. आधी चादर अंथरून खाली झोपा आणि ब्रेकच्या एका नटावर तो पाना लावून बघा. बसला तर पुढचा बघा. घसरला, किंवा मालक खाली झोपू देत नसेल, तर त्याचे आभार माना आणि ट्रेननं घरी या.