बी कॉम्प्लेक्स म्हणजे नेमकं किती?

बी कॉम्प्लेक्स कितीही घ्या, जादा झालं तर लघवीवाटे निघून जातं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण याच समजुतीपायी माझ्या सासूबाईंची थायरॉइडची गोळी विनाकारण कमी होता होता राहिली.

त्यांच्या रिपोर्टमध्ये टीएसएच पार तळाला आणि टी-फोर चढलेलं. पण वजन होतं तेवढंच, धडधड नाही, हाताला कंप नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली आणि थांबून विचारलं, "आजी, आणखी काय काय घेता?" आईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. केस गळतात म्हणून आणलेली बायोटिनची डबी त्यात होती, 10 मिलिग्रॅमची. बायोटिन हेही बी गटातलंच व्हिटॅमिन. रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम बसतात, म्हणजे हे झालं किमान अडीचशेपट! शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण अनेक लॅबमधल्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, आणि रक्तातलं जादा बायोटिन तिथे घोळ घालतं. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. हार्ट अ‍ॅटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीतही आकडा खोटा कमी येऊ शकतो. डबी बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तर आकडे जागेवर. थायरॉइडच्या तपासणीआधी बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. डोस मोठा असेल तर जास्तही. डॉक्टरांना आधी विचारावं.

त्या दिवसापासून घरातली प्रत्येक पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं मी वाचते. नुसता मोठा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. मिथाइलकोबालामिन 1500 मायक्रोग्रॅम, म्हणजे बी-12. गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, तरी हा डोस चालतो, कारण एका वेळी आतडं त्यातलं फार थोडं शोषतं. शाकाहारी माणसाला किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना त्याची गरजही पडते.

बी-6चं तसं नाही. पट्टीवर ते पायरिडॉक्सिन नावाने असतं. गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास. रोजची कमाल मर्यादा युरोपातल्या तज्ज्ञांनी 2023 मध्ये 12 मिलिग्रॅमवर आणली, अमेरिकेत ती 100 आहे. मोठा डोस बरेच महिने चालला तर नसांना इजा होते आणि पायांना मुंग्या येतात. गंमत अशी, की मुंग्या येतात म्हणूनच लोक या गोळ्या सुरू करतात! बी कॉम्प्लेक्समध्ये थोडं, नसांच्या गोळीत थोडं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये थोडं, अशी बेरीज कुणी करत नाही. ती कागदावर करावी. डबीवरचा आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा, हेही बघावं.

लघवी पिवळीजर्द झाली की आई म्हणायच्या, "बघ, गोळी लागू पडतेय." ते रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2, बाहेर पडत असतं, एवढंच.

फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बी-12 कमी असताना नुसतं तेच घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं ठीक वाटतं आणि नसांची हानी मात्र आत चालूच राहते. आधी बी-12 तपासून घ्यावं.

पिशवीत आणखी एक पट्टी निघाली. शेजारच्या काकूंना तिने बरं वाटलं होतं, म्हणून आईंनीही आणवलेली. घरात तिला सगळे 'बी-12ची गोळी' म्हणत. मागे मिथाइलकोबालामिनच्या जोडीला छापलं होतं, प्रीगॅबालिन 75 मिलिग्रॅम. ते व्हिटॅमिन नव्हे, नसांच्या दुखण्यावरचं औषध. त्याने गुंगी येते, तोल जातो. आईंची दुपारची पेंग आम्ही वयावर ढकलत होतो. मी ती पट्टी कचऱ्यात टाकायला निघाले, तर डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नाही, मी सांगतो तशी हळूहळू कमी करा.