दशहरीची बाग आणि उत्क्रांतीचा धडा

लखनौ जिल्ह्यातील मलिहाबादच्या दशहरी आंब्यास २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या बागांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : दशहरीची कोय पेरली म्हणून दशहरीच येईल असे नाही. कोयीतून उगवणारी झाडे परस्परांहून भिन्न असतात. त्यांतील सरस झाड निवडून कलमाने वाढविले जाते. एकाच झाडावर तीनशेहून अधिक प्रकारच्या आंब्यांची कलमे बांधणारे येथील कलीमुल्ला खान यांना २००८ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. कलम बांधणे म्हणजे उत्क्रांती नव्हे, कारण कलमाचे आनुवंशिक गुण मूळ झाडाचेच राहतात. हा फरक परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा. मात्र भिन्नता आणि निवड या उत्क्रांतीच्या दोन्ही आधारशिला बागेत उघड्या डोळ्यांनी दिसतात. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथाचे पहिले प्रकरणही पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पतींवरच आहे.

असे असूनही हा विषय शालेय वादाचा ठरला. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे, डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून अभ्यासक्रमात बदल करावा, असे प्रतिपादन केले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचे खंडन केले आणि ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्यास सांगितले.

खरा बदल झाला तो मात्र गाजावाजा न होता. कोविड काळातील अभ्यासभार कमी करण्याच्या हेतूने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) पाठ्यपुस्तके आटोपशीर केली. २०२३-२४ च्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणातील केवळ आनुवंशिकता उरली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे आक्षेप नोंदविला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती शिकविली जातेच, हे परिषदेचे उत्तर वस्तुस्थितीस धरून होते. परंतु अकरावीपासून जीवशास्त्र ऐच्छिक असते. वाणिज्य, कला वा अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दहावी हीच या विषयाच्या भेटीची अखेरची संधी होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने असा फरक संभवतो.

गंमत अशी, की शिक्षण समवर्ती सूचीत आणणारी आणि अनुच्छेद ५१-क अन्वये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविणारी घटनादुरुस्ती एकच, १९७६ ची बेचाळिसावी. मूलभूत कर्तव्ये न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये डार्विनच्या सिद्धान्तालाच आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. वैज्ञानिक सिद्धान्ताची सत्यता रिट याचिकेत ठरविता येत नाही, अशी भूमिका त्यामागे होती.

अमेरिकेत हा संघर्ष कायद्याच्या रूपाने उभा राहिला. टेनेसी राज्याच्या बंदीखाली १९२५ मध्ये स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. अशी बंदी १९६८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. भारतात बंदीचा कायदा कधीच नव्हता, त्यामुळे रद्द करविण्याजोगेही काही नाही. पाठ्यपुस्तकातील पाने कमी झाली, इतकेच.

या पानांचे मोल बागेत कळते. मोहरावरील तुडतुड्यांवर एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले, की सहनशील कीटक तगतात, त्यांचीच संतती वाढते आणि औषध निष्प्रभ होऊ लागते. ही नैसर्गिक निवडच. भेसळीची गोष्ट वेगळी. परंतु हे तत्त्व न शिकलेला बागायतदाराचा मुलगा प्रत्येक वेळी दुकानदारासच दोष देईल आणि पुढील हंगामात तेच औषध दुप्पट मात्रेत फवारील. त्या खर्चाचा भार बागेच्या हिशेबात पडतो.