हुकूमशाही फास्ट, लोकशाही स्लो?

गावातला फ्लायओव्हर चार वर्षं अर्धवट लटकलेला दिसला की आपल्या होस्टेलवर कोणीतरी एक वाक्य हमखास टाकतो, "आपल्या देशाला पाच वर्षं हुकूमशहाच पाहिजे यार! चीनकडे बघ जरा." बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. पण आपण सगळे आता अठरा पूर्ण केलेले मतदार आहोत. हातातलं मत देऊन टाकायची भाषा करण्याआधी निदान हिशोब तरी नीट करूया.

चीनचा वेग

आधी मान्य करू की चीनचा वेग खरा आहे. १९८० च्या सुमारास भारत आणि चीन यांचं दरडोई उत्पन्न फारसं वेगळं नव्हतं. आज चीनचं उत्पन्न आपल्या सुमारे पाचपट आहे. डिसेंबर १९७८ मध्ये डेंग शियाओपिंग यांच्या नेतृत्वाखाली तिथे आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. १९८० मध्ये हाँगकाँगच्या शेजारी शेन्झेन हे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं आणि आज ते दीड कोटीहून जास्त वस्तीचं शहर आहे.

हे जमलं कसं? पक्ष एकच, निवडणूक हरण्याची भीती नाही, आणि शहरातली जमीन सरकारच्या मालकीची. १९९० नंतरच्या दशकात तोट्यातले सरकारी कारखाने सुधारताना तिथे दोन कोटींहून अधिक कामगार कमी केले गेले. आपल्याकडे असं करू पाहणारं सरकार किती दिवस टिकेल, याचा विचार करा!

आपली चाल

आता आपलं उदाहरण घेऊ, जीएसटी. २००६ च्या बजेटमध्ये घोषणा झाली की २०१० पासून देशभर हा कर आणायचा. प्रत्यक्षात तो आला १ जुलै २०१७ ला. म्हणजे घोषणेनंतर अकरा वर्षांनी!

मध्ये काय चाललं होतं? त्यासाठी घटनादुरुस्ती लागत होती. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती. आणि राज्यं घाबरलेली होती. माल जिथे विकला जातो त्या राज्याला हा कर मिळतो, त्यामुळे माल बनवणाऱ्या महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडूसारख्या राज्यांना तोट्याची भीती वाटत होती. मुंबई महापालिकेचं तर मोठं उत्पन्न जकातीवर चालायचं. शेवटी केंद्राने राज्यांना पाच वर्षं नुकसानभरपाईची हमी दिली, तीही महसूल दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढेल असं धरून. महाराष्ट्राने आपल्या महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा केला. तेव्हा कुठे मुंबईच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा संपल्या.

यातून एक नियम दिसतो. कुठल्याही सुधारणेत नुकसान होणारे थोडे असतात, पण त्यांना ते आजच्या आज कळतं. फायदा होणारे पुष्कळ असतात, पण तो त्यांना उशिरा आणि थोडा थोडा मिळतो. म्हणून विरोधाचा आवाज नेहमी मोठा. हुकूमशाहीत तो दाबता येतो. लोकशाहीत समजूत काढावी लागते, भरपाई द्यावी लागते, आणि त्यात वर्षं जातात. या उशिराची किंमत गरीब माणूसच मोजतो, हेही विसरून चालणार नाही.

फीडबॅक कुठे आहे?

मग हुकूमशाहीच बरी का? इथे आपला कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर कामाला येतो. ओपन लूप सिस्टीम साधी आणि जलद असते, पण आउटपुट चुकलं तर तिला कळत नाही. क्लोज्ड लूपमध्ये आउटपुट मोजून परत पाठवतात आणि चूक दुरुस्त होते. पेपर, कोर्ट, विरोधी पक्ष, मोर्चे, निवडणुका हे देशाचे सेन्सर आहेत.

सेन्सर घाबरले तर काय होतं? १९५८ मध्ये माओंनी 'ग्रेट लीप फॉरवर्ड' सुरू केलं. वरच्यांना खूश करायला स्थानिक अधिकाऱ्यांनी धान्याचे आकडे फुगवून कळवले, आणि सरकारने त्या खोट्या आकड्यांवर गावांतून धान्य उचललं. दुष्काळात किमान दीड कोटी माणसं मेली असं मानतात. काही अंदाज तर याच्या दुप्पट-तिप्पट आहेत. एकच मूल धोरणाचंही तसंच. ते १९८० च्या सुमारास लागू झालं आणि २०१५ पर्यंत चाललं. तोपर्यंत फार उशीर झाला होता. २०२२ मध्ये चीनची लोकसंख्या सहा दशकांत पहिल्यांदा घटली.

गंमत म्हणजे डेंग यांच्या सुधारणा यशस्वी झाल्या त्याचं एक कारण फीडबॅकच होतं. शेती कुटुंबांना वाटून देण्याचा प्रयोग आधी आनहुईसारख्या प्रांतात झाला, उत्पन्न वाढलेलं दिसलं, मग तो देशभर गेला.

आपला प्रयोग

आणि हो, हा प्रयोग आपणही करून पाहिलाय! १९७५ ते १९७७ आणीबाणी होती. विरोधक तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, निवडणुका पुढे ढकललेल्या. सरकारला अडवणारं कोणी नव्हतं. मग लायसन्स राज गेलं का? नाही. ते गेलं १९९१ मध्ये, स्पष्ट बहुमत नसलेल्या नरसिंह राव सरकारच्या काळात. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. २४ जुलै १९९१ ला १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन्स रद्द झालं. त्याच दिवशीच्या बजेटमध्ये खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. आरडाओरडा झाल्यावर ती वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना सूट दिली. फीडबॅक म्हणतात तो हाच. नंतर कितीतरी पक्षांची सरकारं आली, पण लायसन्स राज कोणीही परत आणलं नाही.

याउलट २०२० चे कृषी कायदे पाहा. जूनमध्ये वटहुकूम निघाले, सप्टेंबरमध्ये संसदेत मंजुरी मिळाली, तीही संसदीय समितीकडे न पाठवता. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. कायदे चांगले होते की वाईट, हा वेगळा वाद आहे. पण लोकसभेत पक्कं बहुमत असूनही ते टिकले नाहीत. बहुमत आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी हुकूमशहा मागितला, तर त्याला एवढंच विचारा, "तो चुकला तर त्याला सांगणार कोण?" आणि लोकशाहीची बाजू घेणाऱ्यांनीही स्वतःला विचारावं, की या सुधारणेत कोणाचं नुकसान होणार आहे आणि आपण त्याला काय देणार आहोत. लोकशाहीचा रिस्पॉन्स टाइम कमी करायचा असेल तर हाच मार्ग आहे.

पटलं नसेल तर मेसमध्ये भेटा. वाद घालायची सोय अजून तरी आपल्याकडे आहे!