कमी थंडीत फळणारा पीच : ‘फ्लोरडा प्रिन्स’

पीच म्हणजेच आडू हे फक्त डोंगरी थंड मुलखाचे फळ, अशी आपली समजूत असते. परंतु अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने १९८२ साली ‘फ्लोरडा प्रिन्स’ ही कमी थंडीत फळणारी जात प्रसारित केली. आज पंजाबच्या मैदानात तिच्या बागा आहेत.

पीचची पाने हिवाळ्यात गळतात व झाड झोपी जाते. पारा सुमारे ७ अंशांखाली राहील असे ठरावीक तास मिळाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. या जातीला असे सुमारे १५० तास पुरतात. समजा, रोज रात्री ५ तास अशी थंडी पडली, तर ३० रात्रींत हिशेब पूर्ण होतो. ग्वाल्हेरकडे ही आशा धरता येते; गोव्याच्या किनाऱ्यावर नाही. म्हणून रोपांवर पैसा घालण्यापूर्वी एक हिवाळा शेतात तापमापक टांगून नोंद ठेवावी.

फळाची साल लालसर व गर पिवळा असतो. फुलोऱ्यापासून सुमारे अडीच महिन्यांत फळ पिकते. पंजाबात ते एप्रिलअखेर बाजारात येते. मात्र फूल लवकर येत असल्याने कडाक्याच्या दहिवराचा धोका असतो. सखल, गार हवा साचणारी जागा टाळावी.

लागवड : कोयीपासून केलेले झाड मूळ जातीसारखे निघत नाही. डोळा भरलेले कलम घ्यावे व झाड झोपेत असताना, जानेवारीत, लावावे. दोन झाडांत सुमारे ६ मीटर अंतर ठेवावे. पाणी साचणाऱ्या जमिनीत झाड मरते. परागासाठी दुसरी जात लागत नाही.

छाटणी : फळ फक्त गेल्या वर्षीच्या फांदीवर धरते. म्हणून पाने गळल्यावर दरवर्षी छाटणी करावी व झाडाचा मधला भाग उन्हासाठी मोकळा ठेवावा.

विरळणी : फळे लहान असतानाच १५ सेंटिमीटरवर एक ठेवून बाकीची तोडावीत. हात धजत नाही, हे खरे. पण सगळी राखली तर फळे सुपारीएवढी राहतात, फांद्या मोडतात व बाजारात भाव मिळत नाही. फळ फुगताना पाण्याचा ताण देऊ नये.

आधी थंडी मोजा, मगच कलम आणा.